गॅमा-२ मध्येच दोष असेल तर तापातल्या झटक्यांवर क्लोबाझाम लागू पडेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राधानगरी तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची आहे, वजन १२ किलो. दहाव्या महिन्यापासून तिला तापात झटके येतात. आतापर्यंत सहा वेळा आले, त्यातला एक जवळजवळ दहा मिनिटं चालला. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आणि एमआरआय नॉर्मल, चालणं-बोलणं वयाप्रमाणे. कोल्हापुरात रक्त देऊन जनुक तपासणी केली, तर ‘जीएबीआरजी२’ या जनुकात एक बदल सापडला आणि त्यापुढे ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा आला. त्यांनी वाचलं की हे जनुक मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरचा गॅमा-२ हा तुकडा बनवतं, आणि डॉक्टरांनी तापात द्यायला सांगितलेली क्लोबाझाम नेमकी त्याच तुकड्याच्या आधाराने काम करते. मग तुकडाच सदोष असेल तर गोळी द्यायची कशाला? शिवाय नवरा-बायको आतेभाऊ-मामेबहीण आहेत, म्हणून हे झालं का? सासूबाई म्हणतात मिस्टरांनाही लहानपणी तापात आकडी यायची. आणि दुसऱ्या मुलाचं काय?

ताई, गोळीबद्दलची तुमची शंका चांगली आहे, आणि तर्कही बरोबर दिशेने जातो, फक्त अर्ध्या वाटेवर थांबतो. क्लोबाझाम बंद करू नका. पण खरी अडचण मला गोळीची वाटत नाही. तुमच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर तास-सव्वा तासाचं आहे आणि झटका लांबला तर हातात असलेली वेळ पाच मिनिटांची. जनुकाच्या नावापेक्षा या पाच मिनिटांची तयारी जास्त महत्त्वाची आहे, आणि तिचं कारण याच रिसेप्टरमध्ये आहे. म्हणून आधी रिसेप्टर, मग तयारी, आणि रिपोर्टची ओळ कशी वाचायची ते त्यानंतर.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करतात तशा आवरतातही. आवरण्याचं मुख्य काम गाबा नावाचं रसायन करतं. गाबा ज्या प्रथिनावर जाऊन बसतं तो गाबा-ए रिसेप्टर. पाच तुकडे गोलाकार उभे, मध्ये एक भोक, अशी त्याची रचना. गाबा बसलं की भोक उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. तुमच्याकडच्या धरणाच्या स्वयंचलित दरवाजांना जसं पाणी ठराविक पातळीला आलं की कुणी चावी फिरवावी लागत नाही, तसंच हे आहे: गाबा आलं की दार आपोआप उघडतं.

हे तुकडे बनवणारी १९ जनुकं माणसात आहेत, त्यामुळे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या जोडण्या दिसतात. सगळ्यात जास्त आढळणारी जोडणी म्हणजे दोन अल्फा-१, दोन बीटा-२ आणि एक गॅमा-२. गाबा बसतं बीटा आणि अल्फा यांच्या सांध्यात. क्लोबाझाम, डायझेपाम, मिडाझोलाम, लोराझेपाम ही सगळी भावंडं (बेंझोडायझेपिन गटातली औषधं) बसतात अल्फा आणि गॅमा यांच्या सांध्यात. ती स्वतः दार उघडत नाहीत. गाबा आलेलं असताना दार जास्त वेळा उघडेल असं करतात. गॅमा-२ ची दुसरी कामगिरी कमी बोलली जाते: रिसेप्टरला दोन पेशींच्या जोडाच्या ठिकाणी, म्हणजे जिथे त्याची गरज आहे तिथे, रोवून ठेवण्यासाठी तो लागतो. तो नसेल तर अल्फा-बीटाचे रिसेप्टर बनतात, पण ते कमी क्लोराइड सोडतात आणि बेंझोडायझेपिनला जवळजवळ दाद देत नाहीत.

इथपर्यंत तुमचा तर्क बरोबर. पुढची गोष्ट अशी की तुमच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये, वर्णनावरून, बदल ‘हेटरोझायगस’ आहे. म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली आहे. दुसरी प्रत चांगला गॅमा-२ बनवतेच. तिच्या मेंदूत नीट रिसेप्टर आहेत, फक्त कमी असण्याची शक्यता आहे, आणि क्लोबाझामला बसायला जागाही आहेत. प्रयोगशाळेत काही गॅमा-२ बदलांमध्ये बेंझोडायझेपिनचा परिणाम कमी झालेला दिसला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. गॅमा-२ च्या बदलावर क्लोबाझाम चालत नाही असा नियम नाही. एखाद्या मुलात ती लागू पडत नाही असं ठरवायचं असेल तर ते तिच्या तापांवरून ठरतं: वेळेत आणि वजनाप्रमाणे दिल्यावरही झटका आला का? रिपोर्टवरून ते ठरत नाही.

आता तापाचा संबंध. या जनुकाचा तापातल्या झटक्यांशी असलेला संबंध २००१ साली पुढे आला. एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात तापातले झटके आणि बालवयातली ‘अ‍ॅबसेन्स’, म्हणजे काही सेकंद हरवून जाण्याचे झटके, एकत्र दिसत होते. तिथे गॅमा-२ मधल्या ४३व्या जागी आर्जिनिनच्या ऐवजी ग्लुटामिन आलेलं होतं. त्याच वर्षी एका फ्रेंच कुटुंबात २८९व्या जागी लायसिनच्या ऐवजी मेथिओनिन सापडलं. पुढच्या वर्षी तिसरा प्रकार समोर आला: ३५१व्या जागी प्रथिनच तुटतं. तिन्हींचा बिघाड वेगळा आहे. पहिल्यात प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचत नाही. दुसऱ्यात पोचतं, पण दार लवकर मिटतं. तिसऱ्यात तुटका तुकडा पेशीतच साचतो आणि चांगल्या भागीदारांनाही अडकवून ठेवतो.

२००६ मध्ये अशा बदललेल्या गॅमा-२ वर पेशींमध्ये प्रयोग झाले. तापमान ३७ वरून ४० अंश सेल्सिअसवर नेलं तेव्हा सदोष गॅमा-२ असलेले रिसेप्टर दहा मिनिटांच्या आत पृष्ठभागावरून कमी झाले. नेहमीच्या रिसेप्टरना त्याच तापमानात तसं झालं नाही. एरवी खेळणारी-बागडणारी मुलगी तापाच्या सुरुवातीलाच का कोसळते, याचं हे बऱ्यापैकी पटणारं उत्तर आहे. ताप चढायला लागल्यापासून पहिले काही तास सगळ्यात धोक्याचे का, हेही त्यातून कळतं. मात्र तापात झटके येणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये गॅमा-२ अगदी नीट असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी दोन ते पाच टक्क्यांना कधी ना कधी तापात झटका येतो, आणि त्यातल्या फार थोड्यांत असं एकच जनुक जबाबदार धरता येतं.

आता पाच मिनिटांकडे येते. झटका लांबत जातो तसे गॅमा-२ असलेले रिसेप्टर पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढले जातात. हे ज्यांचा गॅमा-२ निर्दोष आहे त्यांच्यातही होतं. त्यामुळे पाचव्या मिनिटाला दिलेल्या मिडाझोलामला जितक्या जागा सापडतात, तितक्या विसाव्या मिनिटाला सापडत नाहीत, आणि अर्धा-पाऊण तास गेल्यावर तेच औषध दुप्पट देऊनही झटका थांबत नाही अशी वेळ येते. जिथे आधीच रिसेप्टर कमी असण्याची शंका आहे, तिथे तर उशीर अजिबात परवडत नाही. म्हणून “गाडी काढू, कोल्हापूर गाठू, तिथे डॉक्टर इंजेक्शन देतील” हा बेत तुमच्यासाठी चुकीचा आहे. औषध घरातच हवं.

नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे चिठ्ठीवर मिळतो. मात्रा ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे १२ किलोला २.४ मिलिग्रॅम. इथे एक गोष्ट नीट बघा. बऱ्याच बाटल्यांत एका दाबाला ०.५ मिलिग्रॅम येतं, काहींत १.२५. पहिल्या प्रकारात तिला पाच दाब लागतील, दुसऱ्यात दोन. दुकानदाराने दुसरी बाटली दिली आणि घरच्यांना ‘पाच दाब’ पाठ असतील, तर अडीचपट मात्रा जाईल. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून दाबांची संख्या आणि त्या दिवशीचं वजन पेनाने लिहून ठेवा, आणि डॉक्टरांना दाखवून घ्या. वजन दर तीन महिन्यांनी बदलतं, चिकटपट्टीही बदला. नवी बाटली असेल तर आधी हवेत काही वेळा दाबून फवारा नीट येतो का बघायचं. ऐन वेळी पहिले दोन दाब कोरडे गेले की घरचे घाबरून मोजणंच विसरतात.

झटका आला की पहिलं काम घड्याळ बघणं. मोबाईलवर वेळ लावा किंवा कुणाला तरी मोठ्याने मिनिटं म्हणायला सांगा, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं आणि दहा मिनिटं कशी गेली तेही कळत नाही. मुलीला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडातून फेस आला तर खाली गळू द्या. दातात चमचा, बोट, कापड काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. चप्पल हुंगवणं, कांदा फोडून नाकाशी धरणं, हातात किल्ली देणं यांनी झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटं झाली की, किंवा आधीच्या झटक्यातून शुद्धीवर यायच्या आत दुसरा सुरू झाला की, स्प्रे: ०.५ ची बाटली असेल तर एका नाकपुडीत तीन, दुसरीत दोन, १.२५ ची असेल तर दोन्हींत एकेक, आणि लगेच १०८ ला फोन. स्प्रेनंतर ती झोपेल, ते अपेक्षित आहे. श्वास मात्र सारखा बघत राहा. छाती वर-खाली होते का, ओठ निळे पडतात का. घरी दुसरा डोस डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच. झटका थांबला तरी त्या दिवशी तपासणी हवी, कारण ताप कशाचा आहे हा प्रश्न उरतोच: मान ताठ, सतत उलट्या किंवा तासाभरानेही नीट शुद्ध नाही असं असेल तर मेंदूज्वर वगळावा लागतो.

पावसाळ्याची वेगळी तजवीज करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गसुद्धा बंद होता, मग आतल्या रस्त्यांचं काय सांगावं. जूनच्या आधी स्प्रेची मुदत तपासून एक जादा बाटली घ्या, एक घरी आणि एक अंगणवाडीत किंवा आजोळी. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, पण उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यातही नको. आणि रस्ता बंद असेल तेव्हा जवळचं कुठलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय चोवीस तास उघडं असतं, ते आत्ताच विचारून ठेवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत पोचणं ही दुसरी पायरी.

तापातल्या क्लोबाझामबद्दल. बेत साधा आहे: ताप आल्याचं कळताच सुरू करायची, दोन ते तीन दिवस, मग बंद. मात्रा साधारण ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज, दोन भागांत. तुमच्या मुलीला हे ९ मिलिग्रॅम होतं. ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ हे व्यवहारात जमतं. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठी पाळा, आणि आकडा फार लांबचा वाटला तर विचारा. गोळी पोटात गेल्यावर पूर्ण परिणामाला एक-दोन तास लागतात. म्हणून ताप १०२ होईपर्यंत थांबून दिलेली गोळी बहुधा उशिराची ठरते. अंग कोमट लागलं, मूल मलूल झालं, नाक वाहायला लागलं तर मापून बघा आणि १०० च्या आसपासच द्या. तरीसुद्धा काही वेळा झटकाच तापाची पहिली बातमी घेऊन येतो. तेव्हा गोळी निकामी ठरली असं समजू नका, ती द्यायला संधीच मिळाली नव्हती. झटका चालू असताना मात्र तोंडात गोळी किंवा पाणी अजिबात नाही.

क्लोबाझामने मूल डुलतं, तोल जातो, लाळ गळते; काही मुलं उलट चिडचिडी आणि हूड होतात. दोन-तीन दिवस सहन करण्यासारखं आहे. दर पंधरा दिवसांनी ताप येत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला, कारण ही औषधं सतत दिली की मेंदू त्यांना सरावतो आणि परिणाम ओसरतो. रोज द्यायची वेळ आली तर पुढे ती एकदम थांबवता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते. तीन दिवसांच्या कोर्सला हा प्रश्न नाही.

पॅरासिटामॉल द्या, पण ते मुलीला बरं वाटावं म्हणून. त्याने पुढचा झटका टळतो असं दिसलेलं नाही, त्यामुळे “वेळेत दिलं नाही म्हणून आली आकडी” हा दोष कुणी कुणाला देऊ नये. मात्रा १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो, सहा तासांच्या अंतराने. दर ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींच्या बाटल्या मिळतात: १२० वाली असेल तर तिला ५ ते ७.५ मिली, २५० वाली असेल तर २.५ ते ३.५ मिली. ओल्या फडक्याने पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाने मूल थरथरतं, ताप उतरत नाही.

गावात, दुकानात, घरात सहज मिळणाऱ्या काही गोष्टींकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून त्यांवर थोडं जास्त लिहिते. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं ऑफ्लॉक्सासिन, तसंच सिप्रोफ्लॉक्सासिन, ही याच गाबा-ए रिसेप्टरवर गाबाच्या आड येतात. निरोगी मुलाला सहसा काही होत नाही, पण जिथे आवरणारी यंत्रणाच तोकडी असण्याची शंका आहे तिथे ही औषधं पहिल्या पसंतीची नकोत. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि ओआरएस व झिंकने भागतं. सर्दीच्या सिरपमधली झोप आणणारी जुनी अँटिहिस्टामिन औषधं (क्लोरफेनिरामिन त्यातलंच) तापाच्या दिवसांत टाळा. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. आणि कापूर. गळ्यात कापराची पुरचुंडी, छातीला कापूर घातलेलं तेल, उशीला निलगिरी तेल, चोळायचे बाम, हे सगळं बंद. कापूर आणि निलगिरी तेल दोन्ही झटके आणू शकतात, पोटात गेलं तर नक्कीच आणि लहान मुलांत श्वासातून किंवा कातडीतूनही. देवघरातला कापराचा डबा तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. पांढरी वडी मुलांना खडीसाखरेसारखी वाटते.

लसी मात्र थांबवायच्या नाहीत. डीपीटीनंतर पहिल्या ४८ तासांत आणि गोवराच्या लसीनंतर साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसांत ताप येऊ शकतो, त्या दिवसांवर लक्ष ठेवा आणि वरचाच बेत वापरा.

आता रिपोर्ट. ‘महत्त्व अनिश्चित’ या शेऱ्याचा अर्थ ‘थोडंसं वाईट’ असा नाही. २०१५ पासून जगभर पाच पायऱ्यांची पद्धत वापरली जाते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या पायरीवर असलेल्या बदलाच्या आधारे औषध बदलायचं नाही आणि पुढच्या मुलाबद्दल निर्णयही घ्यायचा नाही. ती पायरी वर किंवा खाली सरकवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आई-वडिलांची तपासणी, फक्त त्या एका जागेची. दोघांचंही २-३ मिली रक्त लागतं. दोघांतही बदल नसेल, म्हणजे मुलीत तो नव्याने झाला असेल, तर संशय बळावतो. वडिलांमध्ये असेल आणि त्यांना लहानपणी तापात आकडी येत असेल, तर त्यानेही संशय थोडा वाढतो. म्हणून सासूबाईंची आठवण मोलाची आहे. त्यांना विचारून लिहून काढा: कोणत्या वयात, किती वेळा, पाच वर्षांनंतरही आली का, काका-आत्यांपैकी आणखी कुणाला. वडिलांच्या बाजूच्या एखाद्या निरोगी म्हाताऱ्या माणसात तोच बदल सापडला तर संशय थोडा कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण हा बदल असूनही आयुष्यात एकही झटका न आलेली माणसं अशा कुटुंबांत असतात.

रिपोर्टमधला आकडा शोधताना एक घोळ होतो. जुन्या लेखांत गॅमा-२ च्या जागा प्रथिनाचा सुरुवातीचा ३९ घटकांचा भाग वगळून मोजलेल्या आहेत, आजच्या रिपोर्टमध्ये तो धरून. जुना ४३ म्हणजे नवा ८२, जुना २८९ म्हणजे ३२८, जुना ३५१ म्हणजे ३९०. तुमच्या रिपोर्टमध्ये ८२ असेल आणि नेटवर ४३ची माहिती सापडली तर ती तुमच्याच जागेची आहे. आणि ४३ असेल तर ती ऑस्ट्रेलियन कुटुंबाची जागा नव्हे.

दुसरा मुद्दा दिशेचा. गॅमा-२ चे बहुतेक ज्ञात बदल काम कमी करणारे आहेत. पण याच रिसेप्टरच्या इतर तुकड्यांत, उदाहरणार्थ १५व्या गुणसूत्रावरच्या बीटा-३ मध्ये, काम वाढवणारे बदलही सापडले आहेत. त्या मुलांचा आजार जास्त लवकर आणि जास्त तीव्र असतो, आणि गाबा वाढवणारं व्हिगाबॅट्रिन त्यांना बाधू शकतं. म्हणून “गाबा कमी आहे ना, मग गाबा वाढवणारं काहीही द्या” हा हिशेब चालत नाही. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या गाबाच्या गोळ्यांवरही पैसे घालवू नका; ते गाबा रक्तातून मेंदूत पुरेसं पोचत नाही.

तिसरं, तापातले झटके म्हटलं की गॅमा-२ पेक्षा आधी एससीएन१ए हे जनुक बघावं लागतं. ते चेतापेशीत सोडियम आत घेणाऱ्या मार्गाचं आहे आणि ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा झटक्यांचा तीव्र आजार) बहुतेकदा त्याच्यामुळे होतं. पहिल्या वर्षात, लांबलेला, अंगाच्या एकाच बाजूचा झटका, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे, ही त्याची खूण. तुमच्या वर्णनात ती दिसत नाही, पण सुरुवात दहाव्या महिन्याला आहे, म्हणून रिपोर्टमध्ये एससीएन१ए स्पष्टपणे निगेटिव्ह लिहिलंय का आणि त्यातला मोठा तुकडा गळालेला नाही ना हेही तपासलंय का, एवढं विचारा. तिथे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अशा झटक्यांवरच्याच काही औषधांनी झटके वाढतात. डोक्यावरून गरम पाणी ओतताना येणारे झटके हा आणखी वेगळा प्रकार. कर्नाटकाच्या बाजूला तो चांगलाच परिचित आहे आणि आपण सीमेवर आहोत. तसं कधी झालं असेल तर सांगा, कारण त्यावरचा पहिला उपाय पाणी कोमट करणं हा आहे.

लग्नाबद्दल. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो अशा आजारांचा, ज्यांत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. तुमच्या मुलीत एकच प्रत बदललेली आहे. ती एका बाजूकडून आली असेल किंवा नव्याने झाली असेल. तुम्ही दोघं परके असता तरी असंच झालं असतं. यावरून घरात कुणी कुणाला बोलत असेल तर ते थांबायला हवं. आतेभाऊ-मामेबहीण असल्यामुळे दुसऱ्या एखाद्या आजाराचा धोका थोडा जास्त राहतो, तो मुद्दा वेगळा आणि गरोदरपणाआधी जनुक सल्लागाराकडे बोलण्यासारखा.

दुसऱ्या मुलाचं उत्तर आई-वडिलांच्या तपासणीवर अवलंबून आहे. तुमच्यापैकी एकात बदल निघाला तर प्रत्येक गर्भाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण मिळाला म्हणजे आजार झालाच असं नाही, आणि झालाच तर तो कितपत याचा अंदाज रिपोर्ट देत नाही: एकाच घरात कुणाला फक्त दोन-चार तापातले झटके, कुणाला अ‍ॅबसेन्स, कुणाला काहीच नाही, असं दिसतं. दोघांतही नसेल तर पुन्हा होण्याची शक्यता फार कमी, पण अगदी शून्य नाही, कारण क्वचित बदल फक्त बीजपेशींत असतो. गर्भजलाची किंवा ११-१३ आठवड्यांची वारेची तपासणी मी तरी ‘अनिश्चित’ शेऱ्यावर सुचवणार नाही. निकालाचा अर्थच लावता येत नसेल तर सुई टोचून काय मिळवायचं?

मुलीच्या बाबतीत पुढे काय बघायचं, हे मात्र पक्कं आहे. ताप नसताना झटका. सकाळी उठल्यावर हातातली वाटी उडावी असे दचके. बोलता-बोलता पाच-दहा सेकंद नजर गोठणं आणि पापण्या फडफडणं. शिकलेले शब्द विसरणं. यातलं काहीही दिसलं तर तिथे फक्त तापातला बेत पुरत नाही, ईईजी पुन्हा काढावा लागतो आणि रोजच्या औषधाचा विचार होतो. अ‍ॅबसेन्सचा संशय असेल तर ईईजीच्या वेळी मुलाला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, लहान मुलांना भिरभिरं फुंकायला देतात, आणि सेकंदाला तीनच्या लयीतल्या लहरी दिसल्या की निदान होतं. त्या मुलांना कार्बामाझेपिन आणि व्हिगाबॅट्रिन द्यायचं नसतं. असा प्रसंग मोबाईलवर टिपा, चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत येतील असा, आणि पहिल्या सेकंदापासून. शेवटची दहा सेकंदं टिपलेली फीत फारशी उपयोगाची नसते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टचं फक्त पहिलं पान नेऊ नका. बदलाची पूर्ण ओळ, कोणती जनुकं तपासली त्याची यादी आणि तपासणीची तारीख मागच्या पानांवर असतात. एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा अर्थ लावायला सांगता येतं, आणि तोपर्यंत तोच बदल दुसऱ्या एखाद्या कुटुंबात सापडला असेल तर शेरा बदललेला असू शकतो.